दहा बुड्या, पंधरा दिवस

माझा गर्भ गेला तेव्हा तो नेमका कितव्या महिन्याचा होता, हे ठरवायला दोन शास्त्री आणि आठ दिवस लागले. मला विचारलं असतं तर मी एका वाक्यात सांगितलं असतं. पण मी त्या घरातली सून होते आणि शास्त्रार्थात सुनेला विचारायची पद्धत नव्हती.

घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत होतं. समोरून सांड आला की माणसानं जवळच्या घरात शिरायचं, आणि शिरलोच आहोत तर पाणी पिऊन निघायचं, एवढी ती गल्ली रुंद. देशावर राज्य इंग्रजांचं होतं म्हणे, पण साहेब आमच्या गल्लीत कधी फिरकला नाही. तिथं राज्य मामंजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. ते मोठे धर्मशास्त्री. काशीत तीन पिढ्या गेल्या तरी घरात शुद्ध मराठीच बोलली पाहिजे असा त्यांचा हट्ट होता, आणि तो हट्ट ते “एकदम पक्कं सांगून ठेवतो, फजूल हिंदी चालणार नाही” अशा मराठीत धरत.

समोरच्या घरात दुसरे शास्त्री राहत. मामंजींचं आणि त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं. उपासाला रताळं कच्चं चालतं की शिजवलेलंच, यावरून बिनसलं होतं. वाद घालायचा असला तरच ते एकमेकांशी बोलत, त्यामुळे रोज बोलत.

त्या माघात घरात देशावरून स्नानासाठी आलेले अकरा पाहुणे होते. काशीला येणाऱ्या माणसाची भूक दुप्पट होते, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. माझं वय एकोणीस. सकाळी पाचपासून पोळपाट माझ्यापुढे. सासूबाई भाजी-आमटी पाहत, आणि मामंजींची धाकटी विधवा बहीण, आमच्या आत्याबाई, निवडणं-टिपणं करत घरभर नजर ठेवत. आत्याबाई पन्नाशीच्या, काटकुळ्या, आणि बोलायला अशा तिखट की भिक्षेकरीसुद्धा आमचं दार टाळून पुढे जात.

माघ शुद्ध तृतीयेला सकाळी पोळ्या लाटता लाटता माझ्या पोटात कळ आली. दुपारपर्यंत सगळं संपलं. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही. रडले का, तर रडले, पुष्कळ रडले. सासूबाई दाराबाहेरून कारणं शोधत होत्या. मी मुळा खाल्ला होता, गच्चीवर केस मोकळे सोडले होते आणि संक्रांतीला फार मोठ्यानं हसले होते. यातलं हसणं तेवढं खरं होतं.

गल्लीतली सुईण आली होती. तिनं सगळं उरकल्यावर कसल्याशा पाल्याचा रस लावलेली चिंधीची वळकटी काढली आणि म्हणाली, “ए बहू, ई भीतर रख देईं, सब साफ हो जाई.”

आत्याबाई विटाळ विसरून खोलीत घुसल्या. त्यांनी ती वळकटी तिच्या हातातून घेतली आणि खिडकीतून गल्लीत फेकून दिली. “आत काही घालायचं नाही,” त्या म्हणाल्या. “एक धागासुद्धा नाही. डॉक्टरीणबाईला बोलावणं धाडलंय मी.”

कुणाला न विचारता बोलावणं धाडलं होतं! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. आमच्या घरात वैद्य येत, पण तेही पंचांग बघून.

बायकांच्या दवाखान्यातली ती डॉक्टरीण बंगाली होती, ठेंगणी, पायात बूट. बूट दारात काढायला सांगितले तेव्हा तिनं सासूबाईंकडे असं पाहिलं की सासूबाईंनीच दार सोडलं. मला तपासलं, पोट दाबलं, मग सगळ्यांना बाहेर काढलं आणि हळू आवाजात विचारलं, “बेटी, किसी ने कुछ खिलाया था? कोई दवा, कोई जड़ी? कुछ भीतर डाला? मैं पुलिस नहीं हूँ. सच बोलोगी तो इलाज ठीक होगा.”

मी खरं ते सांगितलं, की कुणी काही दिलं नव्हतं, आपोआप झालं. आत्याबाई मात्र बाहेर गेल्याच नव्हत्या. त्या दाराशी उभ्या होत्या. त्यांनी हातातला तांब्या खाली ठेवला, उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“मग तुझ्या हातून काही चुकलं म्हणून हे झालं नाही,” डॉक्टरीण मला हिंदीत म्हणाली, “आणि मुळ्यामुळे तर मुळीच नाही.” मग तिनं नियम सांगितले. पंधरा दिवस जड उचलायचं नाही. कापडाच्या घड्या घ्यायच्या त्या पाण्यात उकळून, उन्हात वाळवलेल्या. आत बोट नाही, औषध नाही, काही नाही. गर्भाशयाचं तोंड अजून उघडं आहे, म्हणून नदीत किंवा कुंडात बुडी मारायची नाही. गरम पाणी अंगावर घ्यायचं. नवऱ्यानं दूर राहायचं. खायचं भरपूर, गूळ, पालेभाजी, डाळ. आणि तासाभरात दोन जाड घड्या भिजून गेल्या, थंडी वाजून ताप आला, पोटात जोराची कळ आली, घाण वास आला, चक्कर आली, यातलं एक जरी झालं तरी लाजत बसायचं नाही, तिला बोलवायचं. “लाज से औरतें मरती हैं,” ती म्हणाली, “खून से उतनी नहीं.”

मी ऐकलं आणि अर्धं विसरले. आत्याबाईंनी सगळं पाठ केलं.

इकडे ओसरीवर भलताच प्रश्न पेटला होता. दुसऱ्या दिवशी माघी चतुर्थी, गणेशजयंती. अमृतराव घाटावरच्या गणपतीपुढे सहस्रावर्तनाला मुख्य बसायचा मान मामंजींचा, आणि मागाहून मोदक. आता आमच्या शास्त्राप्रमाणे चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो स्राव. बाई जितके महिने तितके दिवस बाजूला, पुरुषांनी एक स्नान केलं की मोकळे. पण पाचवा लागला असेल तर तो पात. बाई पाच दिवस बाजूला आणि घरातल्या पुरुषांनाही तीन दिवस अशौच. म्हणजे पाचवा असेल तर मामंजींचा मान गेला, आणि तो जाणार कुणाकडे, तर समोरच्या शास्त्र्यांकडे. मोदकांसकट.

मामंजींनी दाराआडून सुईणीला विचारलं. ती म्हणाली, बहू बाजूला बसली होती ती कुआरच्या काळ्या पंधरवड्यात. आता बाहेरच्या काशीत महिना पौर्णिमेला संपतो आणि आमचा अमावास्येला. त्यांचा कुआरचा काळा पंधरवडा म्हणजे आमचा भाद्रपदातला पितृपंधरवडा, हे आमच्या दूधवाल्यालाही ठाऊक होतं. पण मोदक डोळ्यांपुढे असले की मोठ्या शास्त्र्यालाही अवघड जातं. मामंजींनी कुआर म्हणजे आश्विन धरला, तोही आपला आश्विन, आणि एक महिना खाली आले. चौथा! स्राव! त्यांनी स्नान केलं आणि दुसऱ्या दिवशी जाऊन एकवीस मोदक खाऊन आले.

सासूबाईंना खरं माहीत होतं. त्या पितृपंधरवड्यात मी बाजूला, म्हणून श्राद्धाचा सगळा स्वयंपाक त्यांनी एकटीनं केला होता आणि त्यावरून मला महिनाभर ऐकवलं होतं. पण आता त्या गप्प. चौथा ठरला तर मी पोळपाटावर एक दिवस आधी परत येणार होते.

चतुर्थीच्या संध्याकाळी समोरचे शास्त्री आमच्या ओसरीवर येऊन उभे राहिले. “कुआर बदी म्हणजे आपला भाद्रपद. पाचवा होता. आपण अशौचात गणपतीपुढे बसलात.”

मामंजींच्या तोंडचं पाणी पळालं. आता नुसते दिवस मोजायचे राहिले नव्हते, अब्रूचा प्रश्न होता. पोथ्या निघाल्या. मी आतल्या खोलीत पडल्या पडल्या ऐकत होते. माझ्या पोटात काय होतं याची चर्चा दोन पुरुष गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात करत होते आणि दोघांपैकी एकाच्याही मनात मी नव्हते. मला आधी संताप आला, आणि मग, खरंच सांगते, हसू आलं.

आत्याबाई आत आल्या तेव्हा त्यांचे डोळे चमकत होते. “वाद चालू दे,” त्या म्हणाल्या. “आपल्याला पंधरा दिवस पाहिजेत. हे दोघे मिळून आठ तरी सहज देतील.”

आणि त्यांनी ते कामच हातात घेतलं. चौथ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, चला, उठवा तिला. आत्याबाई ओसरीकडे तोंड करून म्हणाल्या, “उठव की. आणि उद्या दादा हरला, पाचवा निघाला, म्हणजे आज अख्खं घर बाटलं. अकरा पाहुणे बाटले. माघात.” सासूबाई मागे सरल्या. दुपारी वाद थंड पडतोय असं दिसलं की आत्याबाई समोरच्या शास्त्रीणबाईंकडे चिमूटभर हळद मागायला जात आणि बोलता बोलता म्हणत, “आमचा दादा म्हणतो, तुमच्या यांना पंचांग वाचता येत नाही.” मग तासाभरात पुन्हा पोथ्या.

पाचव्या दिवशी दुपारी मला थंडी भरली. दोन रजया घेतल्या तरी दात वाजत होते. सासूबाई म्हणाल्या, माघ आहे, थंडी वाजणारच. आत्याबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला, घडी पाहिली, तिचा वास घेतला. मी लाजेनं तोंड फिरवलं. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड परत आपल्याकडे वळवलं. “लाजायचं नाही. काय सांगितलंय तिनं? मला सांग, कळ येते का?”

येत होती.

त्या ओसरीवर गेल्या. दोन्ही शास्त्री महिन्याच्या आरंभावर आले होते. “दादा,” त्या म्हणाल्या, “पोरीला बुखार आहे. डोली मागव.”

“निर्णय होऊ दे.”

“निर्णय तिच्या तिरडीवर बसून करशील का?”

असं मामंजींना कुणी बोललं नव्हतं. डोली आली. समोरच्या शास्त्र्यांनी पुढे धावत जाऊन गल्लीतला सांड हाकलला, हे मी त्यांच्या नावावर लिहून ठेवते. दवाखान्यात डॉक्टरीण म्हणाली, आत थोडं राहून गेलं आहे, ते काढायला हवं, आणि आज आणलीत ते बरं केलंत. तिनं ते काढलं. मी तिथं तीन दिवस होते. नंतर कळलं की आणखी एक दिवस गेला असता तर मी हे लिहायला नसते.

आठव्या दिवशी घरी आले तर प्रश्न संपला होता. चार काय, पाच काय, दिवस उलटून गेले होते. दोघांनीही आपणच जिंकलो असं जाहीर केलं. आता सासूबाईंचा प्रश्न उरला. दवाखान्यात न जाणो कुणाकुणाचा हात लागला असेल. आता गंगेत बुडी मारल्याशिवाय ही घरात कशी वावरणार? आणि बुडी मारली की शुद्ध, आणि शुद्ध झाली की पोळपाट. पाहुणे अजून होतेच. त्यांची भूक वाढली होती.

डॉक्टरिणीनं बुडीला साफ नाही म्हटलं होतं. ते सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “गंगेनं कुणाला ताप येतो का?” यावर काशीत उत्तर नसतं.

आत्याबाई एक दिवस नुसत्या तांदूळ निवडत राहिल्या. मला भीती वाटली. दुसऱ्या दिवशी मामंजी शिष्यांना धडा सांगून उठले तेव्हा त्या सूप घेऊन पुढे झाल्या. “दादा, तीस वर्षं तुझा पाठ चालू असताना मी तांदूळ निवडते आहे. आजारी माणसाला स्नान करवत नसेल तर धड माणसानं दहा वेळा स्नान करायचं आणि दर वेळी येऊन त्याला शिवायचं, मग आजारी शुद्ध होतो. आतुरस्नान. आहे ना?”

मामंजींचा चेहरा उजळला. आपला पाठ कुणीतरी ऐकतं हे त्यांना तीस वर्षांनी कळलं. “आहे! अगदी आहे!” समोरच्या ओसरीवरून आवाज आला, “आहे!” अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघांचं एकमत झालं. दोघांनाही त्याचा इतका आनंद झाला की विधी आजच करायचा ठरलं.

दहा बुड्या मारणार कोण, याचा विचार मागाहून झाला. सगळ्यांनी ह्यांच्याकडे, म्हणजे माझ्या यजमानांकडे पाहिलं. हे तेविसाव्या वर्षीही गरम पाण्यानं आंघोळ करत आणि ते कुणाला कळू देत नसत.

मला घाटाच्या वरच्या पायरीवर उन्हात, घोंगडीवर बसवलं. समोरचे शास्त्री मोजायला बसले, पुढ्यात दहा सुपाऱ्या. हे खाली गेले, बुडी मारली, मोठ्यानं ओरडले, धावत वर आले आणि बर्फासारख्या बोटानं माझ्या पायाच्या अंगठ्याला शिवले. एक सुपारी सरकली. दुसरी बुडी. तिसरी. चौथ्या वेळी वर येताना मधेच एका बकरीनं ह्यांच्या धोतराला तोंड लावलं. ही बुडी धरायची की नाही? मामंजी म्हणाले धरायची, समोरचे म्हणाले नाही. हे खाली उभे राहून कुडकुडत वर बघत होते. “जल्दी ठरवा!” असं अर्ध्या हिंदीत ओरडले, आणि मामंजींनी त्या दिवशी भाषा सुधारली नाही. नाही धरली. पुन्हा खाली.

सातव्याला घाटावर गर्दी जमली. एक मल्लाह नाव थांबवून बघत होता. त्यानं विचारलं, “महाराज, कौन सी मन्नत है?” आठव्याला समोरचे शास्त्री सुपारी सरकवायची विसरले, कारण त्यांनी ती तोंडात टाकली होती. सात की आठ, यावर नवा वाद सुरू होणार तोच ह्यांनी स्वतःच दोन बुड्या जास्तीच्या मारल्या आणि “घ्या!” म्हणाले. मी इतकी हसले की आत्याबाई घाबरल्या आणि कानात कुजबुजल्या, “हळू हस, पोटाला ताण बसेल.”

शेवटच्या वेळी हे आले तेव्हा ओठ निळे पडले होते. अंगठ्याला शिवले, आणि खाली वाकलेलेच राहून कुणाला ऐकू न जाईल असं विचारलं, “फार दुखतं का गं?” त्या दहा दिवसांत हे एकाही पुरुषानं विचारलं नव्हतं. माझं हसू तिथंच थांबलं. “आता नाही,” मी म्हटलं.

ह्यांना संध्याकाळी सणकून सर्दी झाली. सासूबाईंनी काढे, शेक, सुंठ, रजया, सगळं घर त्यांच्यामागे लावलं. मला पोळ्यांना बसवायची आठवण त्यांना दुसऱ्या दिवशी आली. तेव्हा आत्याबाईंनी मामंजींनाच विचारलं, “ही आजारी म्हणून आतुरस्नान झालं. आज हिला कामाला लावली तर ही आजारी नव्हती असं होईल. म्हणजे स्नान फुकट. मग काय, पुन्हा दहा?”

आतल्या खोलीतून ह्यांचा नाकातला आवाज आला, “नको!”

मामंजींनी विचार केला आणि मान्य केलं. मला पूर्ण पंधरा दिवस मिळाले, वर तीन.

त्या शेवटच्या दिवशी डॉक्टरीण येऊन बघून गेली. ताप नाही, रक्त नाही, सगळं ठीक आहे. दुपारी मी गच्चीवर गेले तर आत्याबाई उकळून वाळवलेल्या घड्या डब्यात रचून ठेवत होत्या, पुढे कुणाला लागतील म्हणून. मी जवळ बसले. इतके दिवस जे डोक्यात घोळत होतं ते विचारलं.

“आत्याबाई, त्या सुईणीच्या हातात काय होतं, हे तुम्हाला एका नजरेत कसं कळलं?”

त्यांनी हातातली घडी पूर्ण केली. “काशीत माहेरी परत आले तेव्हा सतरा वर्षांची होते. विधवा होऊन दोन वर्षं झाली होती.” मग दुसरी घडी हातात घेत म्हणाल्या, “माझ्या वेळी ती वळकटी कुणी फेकली नाही.”

तोंडाला आलं ते मी मूर्खासारखं विचारलं. “मग तुम्हाला किती दिवस...”

“एकही नाही,” त्या म्हणाल्या. “दिवस मोजायचे तर झालं म्हणायला हवं. घरात तेव्हाही शास्त्री होते, तीन. एकानंही पोथी उघडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घाटावर बुडी होती आणि नंतर श्राद्धाचा स्वयंपाक होता. अंगात ताप होता. वडे तळले मी.” मग त्या जरा हसल्या. “तुझ्या वेळी हे दोघे भांडत होते ना ओसरीवर, चौथा की पाचवा, मला फार बरं वाटत होतं ऐकायला.”

मी त्यांचा हात धरला. मी त्या दिवशी आंघोळ केली नव्हती, माझ्या स्पर्शानं त्यांना पुन्हा नहावं लागणार होतं. त्यांनी हात काढून घेतला नाही. मला रडू फुटलं, माझ्यासाठी रडले त्याहून जास्त. त्या मात्र उरलेल्या हातानं घड्या रचत राहिल्या आणि म्हणाल्या, “पुरे. उडदाची डाळ वाटायची आहे.”

“नाही वाटायची,” मी म्हटलं.

मी त्यांना खाली माझ्या खोलीत आणलं, माझ्या अंथरुणावर निजवलं, त्यांच्या अंगावर रजई घातली. त्या “येड लागलंय का पोरी तुला” म्हणत होत्या, पण आडव्या झाल्या. डोकं उशीवर टेकलं आणि डोळे मिटले. तेहतीस वर्षांत दिवसाउजेडी त्यांना कुणी झोपलेलं पाहिलं नव्हतं.

मी स्वयंपाकघरात जाऊन पाट ओढला. सासूबाईंनी विचारलं, “वन्सं कुठे आहेत?”

“त्यांची पाठ धरलीय,” मी म्हटलं. “उठायचं नाही, वजन उचलायचं नाही, गार पाण्याला शिवायचं नाही.”

“अगं बाई! किती दिवस?”

“पंधरा,” मी सांगितलं.